पाध्ये मॅडम आणि कुंवारी तरिया

शरयू पाध्ये मॅडम कुणालाही नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी डोंगरगडहून आलेली, म्हणून आजही मी त्यांच्यासाठी ‘डोंगरगड’च आहे. प्राचार्य समोर ‘सर’ आणि पाठीमागे ‘बिलासपूर’. एकाच गावच्या दोघी निघाल्या तर मॅडम मोहल्ल्यापर्यंत खाली उतरत. त्यामुळे आमच्या भूगोल विभागाच्या व्हरांड्यात दिवसभर ऐकू येई, “ए चौबे कॉलोनी, टोपी कुठं आहे तुझी?” नव्यानं येणाऱ्याला वाटे, ही बाई बस स्टँडवर गाड्या पुकारते आहे.

एकदा मी विचारलं, “मॅडम, नावं लक्षात राहत नाहीत का?”

“राहतात न. पण नाव आईबापानं ठेवलं, त्यात तुझी काय मेहनत? गाव तू पायानं तुडवलं आहे.”

माझी नोकरी पायांमुळेच लागली, हे मी कधी विसरणार नाही. माझे वडील रेल्वेत ट्रॅकमन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. घरी मराठी, शाळा सरकारी आणि हिंदी, आणि इंग्रजी म्हणजे परीक्षेत लिहायची गोष्ट, बोलायची नाही. रायपूरच्या त्या कॉलेजात गेस्ट लेक्चररच्या मुलाखतीला गेले, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेले सगळे एकमेकांशी इंग्रजीत बोलत होते. आत मला पावसाच्या वाऱ्यांबद्दल विचारलं. मला येत होतं, पण वाक्य तोंडातच मोडलं. समोरचे दोघे कागद आवरू लागले.

खिडकीपाशी सुती साडी आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतल्या एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “स्टेशन से यहाँ तक का रास्ता बनाओ. बोर्ड पर.”

मी काढलं. स्टेशनसमोरचा चौक, वळण, नाला, नाल्यावरची पानटपरी, पुढे कडुनिंब. बाई उठून फळ्याजवळ आल्या. माझं आडनाव त्यांनी वाचलं असणार, कारण एकदम मराठीत विचारलं, “हे झाड काहून काढलं?”

“तिथं सावली होती, मॅडम. तिथं थांबून चपलेचा अंगठा बांधला.”

“चालत आली?”

“हो.”

त्या बाकीच्यांकडे वळल्या. “बाकी सब ऑटो से आए हैं. इसको रख लो.”

अशी मी त्यांच्या हाताखाली आले. तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. उंच, गोऱ्या, साडी घोट्याच्या बरीच वर खोचलेली, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत. लग्न केलं नव्हतं, का केलं नव्हतं ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं. पुण्याला भाऊ होता, तो दर रविवारी फोनवर म्हणे, “आता इकडे ये, आपल्या लोकांत.” त्या म्हणत, “मी कुठं परक्यांत आहे?” भावाची मुलं त्यांच्या ‘मले-तुले’ला हसायची. “हसू दे,” त्या मला म्हणाल्या. “आमची मराठी उन्हात राहिलेली आहे. थोडी करपणारच.”

ऊन हा त्यांचा विषय होता. सुट्टी लागली की सगळं कॉलेज कुलरखाली जाई आणि मॅडमचा उन्हाळी वर्ग सुरू होई. सकाळी फळा, मग बाहेर. शहराचा एक भाग घ्यायचा, चालायचा, फीत लावून मोजायचा आणि कागदावर उतरवायचा. दर मुलीच्या पर्समध्ये एक कांदा असलाच पाहिजे, लू लागू नये म्हणून. दुपारी कुठल्यातरी झाडाखाली बसून तोच कांदा बोरे-बासीबरोबर, म्हणजे रात्रभर पाण्यात मुरलेल्या भाताबरोबर, फोडून खायचा. बासी मॅडम स्वतः मोठ्या डब्यातून आणत आणि जी नाक मुरडेल तिला जास्त वाढत.

प्राचार्य एकदा म्हणाले, “मैडम, सब मोबाइल में है अब. पूरा नक्शा.”

“तो मोबाइल से पूछिए, चप्पल कहाँ टूटी थी.”

आणि त्यांची एक सवय होती. भर दुपारी, सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली गेलेली, मुली रस्ता ओलांडत असताना त्या अचानक ओरडत, “पूर्व?” सगळ्यांनी तिथल्या तिथं हात लांब करून पूर्व दाखवायची. जिचा हात चुकेल तिनं दिवसभर फितीची पिशवी वाहायची. हा प्रश्न त्या लिफ्टमध्येही विचारत, लग्नाच्या पंगतीतही. एका प्राध्यापकाच्या मुलाच्या मुंजीत त्यांनी भटजींनाही विचारला होता. भटजींनी बरोबर सांगितलं, म्हणून त्यांच्याशी मॅडमचं कायमचं जमलं.

त्या वर्षी वर्ग सुरू व्हायच्या आधीच चौबे कॉलोनीचे वडील आले. त्यांची मुलगी हुशार, पहिल्या बाकावरची. त्यांना तिला पाठवायचं नव्हतं.

“मैडम, मई की धूप है. लड़की काली पड़ जाएगी. कल को शादी कौन करेगा?”

मॅडमनं स्वतःचा गोरा हात टेबलावर ठेवला. “भाईसाहब, मेरी तो गोरी रहकर भी नहीं हुई.”

वडील आधी गडबडले, मग हसले. पोट्टी दुसऱ्या दिवशी टोपी घालून हजर.

त्या उन्हाळ्यात आम्ही भनपुरीकडची तळी घेतली. सिटी बसनं जायचं, उतरायचं आणि धुळीत शिरायचं. दोन्ही बाजूंना गोदामं, लाकडाच्या मिली, उभे ट्रक, ट्रकखाली चादर टाकून झोपलेले ड्रायव्हर. मध्येच जुनी गावं सापडतात. शहर त्यांच्या अंगावरून गेलं तरी ती आपल्या चुलीपाशी बसून आहेत. अशाच एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, दोन तळी होती. एक मोठं, घाट बांधलेलं, मधोमध काळा लाकडी खांब. दुसरं वस्तीच्या टोकाला, मे महिन्यात कोरडं पडून भेगाळलेलं, आणि त्याच्या एका काठावर डंपरांनी ओतलेल्या मुरुमाचे ढीग.

मुलींनी फीत लावली तसा शेजारच्या ट्रक-यार्डातून मॅनेजर आला.

“क्या नाप रहे हैं मैडम?”

“तालाब.”

“ये तालाब-वालाब नहीं है. गड्ढा है. बारिश में पानी भर जाता है, बस.”

“तो भैया, तालाब में क्या दूध भरता है?”

मुली हसल्या. तो हसला नाही. म्हणाला, सेठ इथं पार्किंग करून राहिले आहेत, कुणाची हरकत नाही, गावालाच विचारा. त्याला खात्री असल्यासारखा बोलला. ती खात्री कशाची होती ते आम्हाला पिंपळाखाली कळलं.

पिंपळाखाली गावची माणसं बसली होती. मॅडमनं छत्तीसगढीत विचारलं की तुमचं तळं बुजवतात आणि तुम्ही बसून काय राहिलात? कुणी वर पाहिलं नाही. मग एक जण म्हणाला, “ओ तो कुंवारी ए, मैडम. ओखर बिहाव नइ होय हे.” ही तरिया कुंवारी आहे, तिचं लग्न झालेलं नाही.

तरिया म्हणजे तळं. इकडे तळं खणलं की त्याचं लग्न लावतात. सरईच्या, म्हणजे सालवृक्षाच्या, लाकडाचा खांब घडवून, हळद लावून, वाजतगाजत तळ्याच्या मधोमध रोवतात. मग ते तळं गावाचं होतं. मग त्यात नवरात्रात पेरलेला जवारा विसर्जित होतो, कुणी गेलं तर दशनहावणाची, म्हणजे दहाव्याची, आंघोळ होते, नवी सून आणून पाणी दाखवतात. लग्न न झालेल्या तळ्यात गुरं पाणी पितात, पोरं डुंबतात, पण शुभ-अशुभ काही होत नाही. त्याच्यावर कुणाचं मन बसत नाही.

दुकलहीन दाईनं सगळं सांगितलं. गावातली सगळ्यात म्हातारी, म्हणून सगळ्यांची दाई, म्हणजे आई, शेळ्या घेऊन रोज त्याच काठावर बसणारी. दुष्काळी कामावर हे तळं खणलं तेव्हा ती नवी नवरी होती आणि डोक्यावरून माती वाहत होती. लग्न पुढच्या सालाला ठरलं. पुढच्या साली पीक गेलं. त्याच्या पुढच्या साली गावचा पाटील वारला. मग राहूनच गेलं. आता मुरुम पडू लागला तेव्हा गावानं हाच विचार केला की त्यात आपलं असं काय आहे?

पिंपळाखालचा एक तरणा माणूस हसून म्हणाला, “बिन बिहाव के का तरिया, मैडम? गड्ढा ताय.”

मॅडमनं डोक्यावरचा ओला गमछा काढून तोंड पुसलं, पुन्हा बांधला. मग त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“त महूँ गड्ढा आँव का, भैया? मोरो बिहाव नइ होय हे.”

मग मीही खड्डाच का? माझंही लग्न झालेलं नाही. त्या तरण्याची मान खाली गेली. आधी बाया हसल्या, पदर तोंडाशी धरून. दाई तर टाळी देत हसली. हसणं थांबल्यावर म्हणाली, “त बिहाव कर देथन न.” मग लावून देऊ की लग्न.

“हव,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या ‘हव’चे, म्हणजे ‘हो’चे, पुष्कळ अर्थ होते. हा त्यांतला असा होता की ज्यानंतर काही बदलत नसे.

कॉलेजात बातमी आमच्या आधी पोचली. यार्डाचे सेठ आमच्या कॉलेज कमिटीतल्या एका माणसाचे भागीदार होते. प्राचार्यांनी बोलावलं. मी फाइल घेऊन दाराशी उभी.

“मैडम, तालाब की शादी? ये भूगोल है?”

“सर, तालाब कहाँ है, किसका है, कौन उसमें नहाता है और कौन नहीं, यही तो भूगोल है.”

“कॉलेज का नाम नहीं आना चाहिए.”

“निमंत्रण में लड़कीवालों का नाम जाता है, सर. आपका क्यों जाएगा?”

विभागातल्या एका तरुण सहकाऱ्यानं मात्र खरा प्रश्न विचारला, आणि तो माझ्याही मनात होता. आपण विज्ञान शिकवतो, मग हे खांब पुरणं, हळद लावणं कशासाठी? मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “मी कुठं म्हटलं खांब पुरल्यानं पाणी येते? पाणी पावसानं येते. माणसं लग्नानं येतात.”

आणि माणसं आली. खांब भनपुरीच्याच एका लाकडाच्या मिलीतून आला. मिलवाल्यानं लग्नाचं आहे म्हटल्यावर आधी तोच कापून दिला. आमच्या मुली चुलमाटीला गेल्या, वाजतगाजत माती आणली. ज्यांना घरी झाडू धरता येत नव्हता त्या पोट्ट्या गेरूनं खांब रंगवत होत्या. चौबे कॉलोनी नाचत होती आणि तिचे वडील तळ्याच्या काठावर गाडी लावून, रुमाल डोक्याला बांधून पाहत होते.

सकाळचं ऊन चढत होतं. बैगा, म्हणजे गावचा पुजारी, मांडवात बसला आणि म्हणाला, “तरिया के दाई-ददा कोन बइठही? जोड़ी लागही.” आईबापाच्या जागी जोडपं हवं. गावातली दोन-तीन जोडपी एकमेकांकडे पाहू लागली. यार्डच्या सेठशी उघड वाकडं घ्यायला कुणी पुढं येईना. डफडं थांबलं होतं. मला वाटलं, संपलं सगळं इथंच.

मॅडमनं दुकलहीन दाईचा हात धरला आणि तिला पाटावर बसवलं.

बैगा गडबडला. दाई विधवा होती. हे चालत नाही, तो हळूच म्हणाला.

“काहून नाही चालत?” मॅडम मराठीतच म्हणाल्या, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून त्यांच्या भाषेत. हे तळं हिनं डोक्यावर माती वाहून खणलं. पोटच्या पोरीसारखं रोज येऊन त्याच्याजवळ बसते. आई ही नाही तर कोण? बाप पाहिजे तर ज्यानं एक टोपली माती वाहिली असेल त्यानं उठावं आणि बसावं.

कुणी उठलं नाही. वाहणारे सगळे गेले होते.

“मग मी बसते. मावशी म्हणून. जोडी झाली.” आणि त्या पांढरे बूट काढून दाईशेजारी बसल्या.

बैगानं पुरुषांकडे पाहिलं. पुरुषांनी जमिनीकडे पाहिलं. पिंपळाखालचा तो तरणा, ज्यानं खड्डा म्हटलं होतं, तोच शेवटी बोलला, “बाँध दे न बैगा.” बैगानं दाईच्या लुगड्याच्या पदराला मॅडमच्या सुती साडीचा पदर बांधला. डफडं पुन्हा सुरू झालं.

टिकावनाला, म्हणजे लग्नात नवरीला द्यायच्या भांड्याकुंड्यांच्या वेळी, मॅडमनं तात्यापाऱ्याहून आणलेला तांब्याचा हंडा पुढे ठेवला. चिंचेनं लखलखीत घासलेला. मी ओळखला. त्यांच्या स्वयंपाकघरात माळ्यावर तो पालथा ठेवलेला असे. आईनं त्यांच्या लग्नासाठी घेऊन ठेवला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या म्हणाल्या, “काय पाहून राहिली, डोंगरगड? लग्नाचाच हंडा आहे. लग्नातच चालला.”

खांब उभा करायला माणसं कोरड्या तळ्यात उतरली, आणि तेवढ्यात मुरुमाचा डंपर आला. रोजचाच. तो काठावर येऊन थांबला, हॉर्न वाजला. कुणी हललं नाही. ड्रायव्हर खाली उतरला, परप्रांतातला असावा.

“शादी है क्या?”

“हाँ भैया,” चौबे कॉलोनी म्हणाली. “तालाब की.”

त्यानं मांडव पाहिला, हळद लावलेला खांब पाहिला, गाठ बांधून बसलेल्या दोन म्हाताऱ्या बाया पाहिल्या. चपला काढल्या, पुढे येऊन प्रसाद घेतला. मग फोन काढून, आमच्यासमोरच, म्हणाला, “सेठजी, मंडप के ऊपर नहीं पलटूँगा मैं. किसी और को भेज लो.” आणि भरलेली गाडी तशीच मागं घेऊन गेला.

त्या दिवशी कायद्यात काही बदललं नाही, हे मला माहीत आहे. कागदावर जे होतं तेच राहिलं. पण पाऊस पडला, तळं भरलं आणि त्या आश्विनात गावच्या बाया जवारा घेऊन त्याच तळ्यावर गेल्या. त्यानंतर जो डंपर आला त्याच्यासमोर आख्खा पारा उभा राहिला. सेठनं जेवढं बुजवलं होतं तेवढ्यावर शेड टाकलं. उरलेलं तळं राहिलं. अर्धं गेलं, असं मी म्हटलं की मॅडम चिडत. “अर्धं वाचलं म्हण.”

शिक्षा व्हायचीच होती, ती झाली. मुलींनी काढलेला मोठा नकाशा कॉलेजच्या प्रदर्शनात लागणार होता. कमिटीतले ते गृहस्थ येऊन म्हणाले, यातून तेवढा खड्डा काढा. मॅडमनं त्यांना हिंदीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा की ती आता लग्न झालेली पोरगी आहे, तिचं नाव कुणाला असं खोडता येत नाही. नकाशा लागला नाही. मॅडमनं तो गुंडाळून नेला आणि तात्यापाऱ्यात कापडदुकानाच्या जिन्यात लावला. साडीला फॉल लावायला आलेल्या बाया तो पाहत उभ्या राहत. पुढच्या वर्षी उन्हाळी वर्ग बंद झाला. कारण दिलं, वाढतं तापमान. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात त्यांना शाल दिली. ती त्यांनी तिथंच मला दिली, “मले उन्हाळ्यात काय कामाची?”

लोक त्यांना हट्टी म्हणत, विचित्र म्हणत, म्हातारपणी डोकं फिरलं असंही म्हणत. माझ्यासारख्या, जिचं वाक्य इंग्रजीत मोडतं त्या मुलीला, ज्या एका माणसानं फळ्याजवळ उभं केलं त्याच्याबद्दल मी हे ऐकून घेतलेलं नाही आणि घेणार नाही. हट्टी होत्या. त्या हट्टावर एक तळं उभं आहे.

आता मी दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात कायम झाले आहे. गेल्या मे महिन्यात रायपूरला काम होतं. परतीची गाडी दुपारी होती, म्हणून सकाळीच भनपुरीला गेले. मॅडम तिथं असणार हे मला कुणी सांगावं लागलं नाही. कॉलेजनं वर्ग बंद केला तर त्यांनी तो तात्यापाऱ्याच्या चौकातून सुरू केला होता. जी येईल ती मुलगी, फी नाही, हजेरी नाही. कांदा मात्र हवा.

तळ्यात गुडघाभर पाणी उरलं होतं. खांब मधोमध काळा पडून उभा होता. दाई आता नव्हती. तिची दशनहावणाची आंघोळ गावानं याच तळ्यावर केली, असं मॅडमनं सांगितलं. थकल्या होत्या, काठी आली होती हातात, बूट तेच. मला बासी वाढली, बरीच. भावाचा फोन अजून येतो का, विचारलं. “येतो न. म्हणतो, काय ठेवलं आहे तिथं? मी म्हटलं, ये, दाखवते.”

मला निघायला हवं होतं. रस्त्यापर्यंत आले तेव्हा मागून हॉर्न ऐकू आला. यार्डात जायला एक ट्रक काठाच्या वाटेनं वळला होता आणि ती वाट मॅडमच्या मुलींनी फीत टाकून अडवली होती. मी ऑटोत बसले, मान वळवून पाहत राहिले. सूर्य डोक्यावर होता. ट्रक मॅडमच्या अगदी पाठीशी येऊन थांबला होता, हॉर्नवर हॉर्न. त्यांनी मागं पाहिलं नाही. काठी वर केली आणि ओरडल्या. ऐकू आलं नाही, पण काय ते मला माहीत होतं, कारण काठावरच्या सगळ्या मुलींचे हात एकदम एका दिशेला लांब झाले.

ऑटोत बसल्या बसल्या माझाही झाला.